आमच्या गोष्टीचा गोड शेवट

माझ्या नवऱ्याला स्ट्रोक आला तेव्हा तो सोसायटीच्या गणपतीत माईकवर बोलत होता आणि बोलता बोलताच कोसळला, असं आमच्या बिल्डिंगमध्ये अजून सांगतात. ते खरं नाही. तो बाथरूममध्ये दाढी करत होता. माईकवर तो त्याआधीची सगळी वर्षं बोलला. हळदीकुंकू असो, मुलांच्या स्पर्धा असोत, कुणाचा सेंडऑफ असो, निवेदन त्याचंच. मुलुंडला आमच्या गल्लीत लोक त्याला चेहऱ्याआधी आवाजावरून ओळखायचे. त्यामुळे माईकची गोष्ट लोकांना जास्त आवडली असणार. मी सुरुवातीला दुरुस्त करायची, मग सोडून दिलं.

उजवी बाजू लुळी पडली ती हळूहळू बरीच सुधारली. काठी घेऊन तो चालायला लागला. पण बोलणं गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी सांगितलं, "त्यांना सगळं समजतंय. मनात विचारही येतात. शब्द तेवढा सापडत नाही." सांगायला किती सोपं वाटतं! घरी आल्यावर तो पाण्याकडे बोट दाखवायचा आणि तोंडातून निघायचं भलतंच. स्वतःच्या तोंडून काय निघालं ते त्याला ऐकू यायचं, चुकलंय हे कळायचं, आणि मग तो डावा हात टेबलावर आपटायचा.

ओळीनं पाठ असलेल्या गोष्टी मात्र यायच्या. वार यायचे. सोमवार म्हटलं की रविवारपर्यंत गाडी जायची. पण आज वार कोणता विचारलं तर त्याला 'बुधवार' म्हणता यायचं नाही. तो सोमवारपासून निघायचा आणि बुधवारी उतरायचा. कधी उतरायचं राहून जायचं आणि थेट रविवार गाठायचा, मग आम्ही दोघं हसायचो.

आणि छत्री. एक दिवस मी स्वयंपाकघरात होते. बाहेरून आवाज आला, "छत्री." स्पष्ट. मी धावत जाऊन छत्री आणून दिली. त्यानं ती ढकलून दिली. "छत्री!" मी दुसरी आणली, त्याची काळी, लांब दांड्याची. तो इतका चिडला की डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं माझा दंड धरला, हलवला, आणि म्हणाला, "छत्री." तेव्हा कळलं की मला हाक मारतोय. आम्ही एकाच ऑफिसात काम करत होतो. लग्नाआधीपासून तो मला नावानं हाक मारायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायची. सासूबाईंसमोर तेवढं 'अहो'. आता ते नाव त्याच्या डोक्यात कुठंतरी अडकलं होतं आणि त्याच्या जागी छत्री येऊन बसली होती. मी म्हटलं, ठीक आहे रे, छत्री तर छत्री.

ब्लॉग सुरू झाला तो नातेवाइकांच्या फोनमुळे. कोकणातून नणंद, ठाण्याहून दीर, ऑफिसातले जुने लोक, सगळ्यांना रोज तेच सांगायचं. आमचा मुलगा मालाडला एका कंपनीत आहे. तो म्हणाला, "आई, तू एकदाच लिही ना. मी लिंक करून देतो, सगळ्यांना पाठव. तुझी पण बडबड कमी होईल." त्यानं एका रविवारी येऊन सगळं लावून दिलं आणि मी लिहायला लागले.

मी आयुष्यात हिशेबाच्या टिपणांखेरीज काही लिहिलं नव्हतं. पण लिहायला बसलं की दिवस जरा उचलता येत असे. लिहिलेलं सगळं मी आधी त्याला वाचून दाखवायची. त्याची परवानगी घेतल्याशिवाय काही टाकायचं नाही, हे मी ठरवलं होतं. तो ऐकायचा, पसंत असलं तर मान डोलवायचा, नको असलं तर डावा हात वर करायचा, वाहतूक पोलीस गाडी थांबवतो तसा. एकदा मी त्याच्या अंघोळीबद्दल लिहिलं होतं. हात वर झाला. मी तो सगळा भाग काढून टाकला. वारांचं आणि छत्रीचं वाचलं तेव्हा मात्र तो खूप हसला आणि मला पुन्हा वाचायला लावलं. त्या लेखाला मी नाव दिलं होतं, 'शब्द शोधताना'. शेवट असा काही नव्हता. आज त्यानं मला छत्री म्हटलं, उद्या काय म्हणेल बघू, एवढंच.

वाचणारे थोडे होते. घरचे, ऑफिसचे, मग कुणाकुणाच्या ओळखीनं आणखी थोडे. ज्यांच्या घरी असाच माणूस आहे असे काही अनोळखी लोकही लिहायचे. मला तेवढं पुष्कळ होतं.

घाटकोपरला एका ट्रस्टचं थेरपी सेंटर आहे. आठवड्यातून काही दिवस मी त्याला रिक्षानं हायवेवरून तिथं न्यायची. आत थेरपिस्ट मुलगी त्याला चित्रं दाखवून शब्द काढून घ्यायची आणि आम्ही घरचे लोक बाहेर बाकावर बसायचो. तिथं मानखुर्दहून येणारी एक बाई माझ्या शेजारी बसायची. तिचा नवरा शाळेची बस चालवायचा. चाळिशीही नव्हती आणि स्ट्रोक. त्याला वारसुद्धा यायचे नाहीत. सासू म्हणायची, गावी घेऊन चला, इथं बसून काय होणार. ही ऐकायची नाही. मला तिचा तो हट्ट आवडायचा. आम्ही डबे वाटून खायचो.

एक दिवस तिनं बसल्या बसल्या फोन पुढं केला. "ताई, हे वाचा. आमच्या ग्रुपवर आलंय. मी तर रडले बघा. पण शेवट वाचा हां, शेवट."

मी चष्मा लावला. लेखाचं नाव 'शब्दांच्या शोधात'. खाली एका गृहस्थांचं नाव, बोरिवली, आणि त्यांच्या ब्लॉगची लिंक. पहिलं वाक्य वाचलं आणि वाटलं, अरे, असंच मीही लिहिलंय. दुसरं वाचलं. मग कळलं की असंच नाही, हेच. फक्त नवऱ्याच्या जागी बायको होती. 'ती सोमवारपासून निघायची आणि बुधवारी उतरायची.' मुलुंडचं बोरिवली झालं होतं. छत्री होती. लांब दांड्याची काळीसुद्धा होती. त्या बिचाऱ्या बाईकडे लांब दांड्याची काळी छत्री कशाला असेल, एवढा विचारही कुणी केला नव्हता.

आणि मग शेवट होता. तो माझा नव्हता. एका सकाळी ती बायको चहाचा कप घेऊन येते, त्याच्यापुढं धरते आणि म्हणते, "अहो, चहा." मग ती त्याचं नाव घेते. मग ती बोलायलाच लागते. खाली जोडलेल्या हातांची तीन चित्रं आणि 'आशा सोडू नका'.

खरं सांगते, मला आधी राग आलाच नाही. मी तो शेवट पुन्हा वाचला. माझ्या घरातली सगळी माणसं, सगळ्या वस्तू त्यात होत्या आणि त्या घरात असं झालं होतं. मी चष्मा काढून पदरानं पुसला. मला तो शेवट हवा होता. शेजारची बाई म्हणाली, "बघा, रडलात ना? मी सासूला मोठ्यानं वाचून दाखवला. गप्प बसली. म्हटलं, होतं बोलणं परत, हे बघा होतं."

मी तिला त्या दिवशी काही बोलले नाही. घरी आल्यावर राग आला. नवऱ्यालाही सांगितलं नाही. तो खिडकीशी बसला होता आणि मी विचार करत होते, याच्याकडे शब्द उरलेत ते किती, आणि त्यातलेही कुणीतरी उचलून नेले. मी लिहिलं असेन, पण छत्री हा शब्द माझा नव्हता. तो त्यानं टेबलावर हात आपटून आपटून मिळवला होता.

त्या ब्लॉगवर खाली लिहिलं होतं, 'प्रतिक्रियांसाठी संपर्क', आणि नंबर. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन लावला. एका बाईंनी उचलला.

"हॅलो, कोण बोलतंय?"

मी म्हटलं, "त्यांच्या मिसेस का?"

"हो हो, मीच. ते जरा खाली गेलेत, फोन इथंच विसरलेत. काही निरोप असेल तर सांगा ना. लेखाबद्दल का? हल्ली खूप फोन येतात बाई लेखांबद्दल. मी वाचत नाही फारसं, मला कुठं वेळ, पण लोक फार कौतुक करतात."

काय सुरेख बोलत होत्या. एकही शब्द अडत नव्हता. मी विचारलं, "तुमची तब्येत आता कशी आहे?"

"माझी? मला काय झालंय?" त्या हसल्या. "गुडघे तेवढे दुखतात."

मी फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तेव्हा ते गृहस्थ आले. आवाज मृदू, मायाळू. मी कोण, काय, सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मला तो व्हॉट्सॲपवर आला. खाली नाव नव्हतं. मी थोडे संस्कार केले त्याच्यावर."

"तुमच्या मिसेसना काहीच झालेलं नाही."

"अहो, साहित्य आहे ते. 'मी' लिहिलं म्हणजे मीच असं थोडंच असतं?"

"मग शेवट?"

"तुमचा लेख अर्धवट होता हो ताई, राग मानू नका. लोकांना आशा लागते. किती जणांचे फोन आले मला, रडत रडत. तुम्ही तो तसाच सोडला असतात तर कुणी पाठवला असता का पुढं?"

मी म्हटलं, "माझा नवरा बोलत नाही. तो बरा झालेला नाही. तुम्ही त्याला परस्पर बरा करून टाकलात."

ते मग म्हणाले, "तुमचं नाव टाकतो ना. नाव सांगा फक्त. आपण काही चोर नाही."

मी पुन्हा नाव सांगितलं. त्यांनी शब्द पाळला, असं त्यांना वाटत असेल. संध्याकाळी त्यांच्या लेखाखाली बारीक अक्षरात एक ओळ आली. 'मूळ कल्पना: मुलुंड येथील एक वाचक भगिनी.' नाव नव्हतं. लेखाची वाचक मी झाले होते.

मुलाला सांगितलं. तो आधी भडकला, म्हणाला, "वाट लावतो त्याची, थांब." त्यानं कॉपीराइटची तक्रार केली, दोन्ही लेखांच्या तारखा जोडल्या. बऱ्याच दिवसांनी तो लेख त्या ब्लॉगवरून निघाला. पण तोवर तो तिथं राहिलाच कुठं होता? ग्रुपाग्रुपांतून फिरत होता. कुठं कुण्या डॉक्टरच्या नावानं, कुठं 'लेखक अनामिक', कुठं नुसतं 'नक्की वाचा'. तक्रार कुणाकडे करायची? मी माझ्या ब्लॉगवर लिहिलं की हा लेख माझा आहे आणि शेवट खोटा आहे. त्याखाली अनोळखी लोकांनी लिहिलं, 'मूळ लेख फार सुंदर आहे, तुम्ही कॉपी करताना शेवट का बिघडवलात?' एकानं लिहिलं, 'लोकांच्या आशेशी खेळू नका.' मी तारखा दाखवल्या. तारखा कोण बघतं?

मुलगा शेवटी म्हणाला, "आई, सोड ना यार आता. व्हायरल झालं म्हणजे तू चांगलंच लिहिलं होतंस, असं समज." त्यानं मन राखायला म्हटलं, कळत होतं. तरी त्यानंतर मी त्याच्याकडे तो विषय काढला नाही.

मानखुर्दच्या बाईला मी सांगितलं. सांगावं की नाही याचा बरेच दिवस विचार केला, पण ती रोज नवऱ्यापुढं चहाचा कप धरून "बोला, अहो म्हणा" करते हे तिच्याच तोंडून ऐकलं, तेव्हा राहवलं नाही. माझा ब्लॉग उघडून दाखवला. तिनं सगळं वाचलं. फोन परत दिला.

"म्हणजे ती बाई बोलायला लागलीच नाही?"

"ती कधी गप्प झालीच नव्हती गं."

तिचा चेहरा बदलला. "ताई, तुमचे मिस्टर बोलत नाहीत म्हणून कुणाचेच बोलू नयेत का?"

पुढच्या वेळेपासून ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसायला लागली.

मग ट्रस्टचा वार्षिक कार्यक्रम आला. थेरपिस्ट मुलीनं निमंत्रण हातात दिलं. प्रमुख पाहुणे म्हणून त्याच गृहस्थांचं नाव होतं. विषय होता, शब्द परत मिळाले त्याची गोष्ट. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, आणि तिचा माझ्यावर विश्वास बसला. छत्री हा शब्द तिनं स्वतः माझ्या नवऱ्याच्या तोंडून ऐकला होता ना. ती आत जाऊन कुणाशी तरी बोलून आली आणि खाली बघत म्हणाली, "मॅडम, कार्ड्स गेली सगळीकडे. ट्रस्टी म्हणतात पेशंट्सना बरं वाटेल. तुम्ही प्लीज काही करू नका, माझी नोकरी आहे." तिचं वय आमच्या मुलापेक्षाही कमी होतं. मी म्हटलं, बरं.

तरी मी गेले. ठरवलं होतं, ते बोलायला उठले की आपणही उठायचं आणि एवढंच म्हणायचं, हा लेख माझा आहे. पुढचं मागचं काही नाही. नवऱ्याला नेणार नव्हते. मुलगा येऊन त्याच्यापाशी थांबणार होता, पण ऐन वेळी त्याच्या ऑफिसचं काम निघालं. एकट्याला ठेवता येत नाही. वाटलं, हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसवू. त्याला मी यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

हॉल भरलेला होता. व्हीलचेअर, काठ्या, बायका, मुलं. मानखुर्दची बाई पुढं नवऱ्याला घेऊन बसली होती, फोन व्हिडिओसाठी वर धरून. ते गृहस्थ उठले. खादीचा झब्बा, पांढरे केस, अगदी कुणालाही आजोबा म्हणून हवेसे वाटतील असे. त्यांनी कागद काढला आणि वाचायला लागले.

वाचत होते चांगलं. मीच लिहिलेलं मला पहिल्यांदा एवढ्या लोकांत ऐकू येत होतं. वारांची गाडी आली तेव्हा लोक हसले. माझ्या शेजारी माझ्या नवऱ्यानं मान वर केली. मग छत्री आली. सगळा हॉल हसला, मायेनं हसला. नवऱ्यानं माझ्याकडे वळून बघितलं.

ती नजर मला सांगता येत नाही. त्यात एकच प्रश्न होता. तू दिलंस?

मी मान हलवत होते, नाही रे, नाही, मी नाही. पण हॉलमध्ये काय समजावणार? तिकडे चहाचा कप आला, "अहो" आलं, आणि त्या गृहस्थांनी पहिल्या रांगेतून बायकोला वर बोलावलं. गोऱ्या, ठेंगण्या, गुडघ्यावर हात ठेवून पायऱ्या चढल्या. माईकसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नमस्कार. मी आता छान आहे." टाळ्या थांबेनात.

मी उठणार तेवढ्यात नवरा उठला. पुढच्या खुर्चीची पाठ पकडून, काठीशिवाय. त्याचं तोंड हलत होतं, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. मला माहीत होतं त्याला काय म्हणायचंय. सगळ्या हॉलमध्ये फक्त मला माहीत होतं. त्यानं जोर लावला आणि आवाज निघाला, तोच जुना, भरदार, गणपतीतला आवाज.

"सोमवार! मंगळवार! बुधवार!"

तो थांबला. हे नाही, हे त्याला कळलं. पुन्हा जोर लावला. "सोमवार! मंगळवार!" रविवारपर्यंत गेला, पुन्हा सुरुवात केली. डावा हात वर, थांबा म्हणून, सगळ्यांनी थांबा म्हणून. लोकांनी वळून पाहिलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. काही उभे राहिले. त्यांना वाटलं, लेख ऐकून पेशंट बोलायला लागला.

ते गृहस्थ माईक घेऊन खाली आले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. त्यांनी स्वतःच्या खांद्यावरची सत्काराची शाल काढून माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर घातली. "बोला दादा, बोला," म्हणत माईक त्याच्या तोंडापुढं धरला.

नवऱ्यानं माईककडे बघितलं आणि तो गप्प झाला.

मी म्हटलं, "हा लेख माझा आहे. शब्द यांचे आहेत." मोठ्यानं म्हटलं, पण टाळ्यांत फक्त त्यांनाच ऐकू गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर ते घाबरले. फोनवरचा आवाज त्यांना ओळखू आला असावा. मग त्यांनी माईक स्वतःकडे वळवला आणि म्हणाले, "ताई म्हणताहेत, हे शब्द आमच्याच घरातले आहेत! लेखकाला याहून मोठा पुरस्कार कुठला?"

पुन्हा टाळ्या.

नंतर चहा होता. मला लगेच निघायचं होतं, पण नवऱ्याला धाप लागली होती म्हणून आम्ही कोपऱ्यात बसलो. त्यांच्या मिसेस माझ्यापाशी आल्या. हळूच म्हणाल्या, "तब्येत कशी आहे म्हणून फोनवर विचारलेलं, त्या तुम्हीच ना?"

"हो."

"मला तेव्हा काही माहीत नव्हतं. नंतर वाचलं." त्या माझ्या नवऱ्याकडे बघत होत्या. "खूप भांडले मी. पण रिटायर झाल्यापासून माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा हो. या लेखांनी उठून बसला. आता लोक बोलावतात, हार घालतात. मी काय करू? तुम्हीच सांगा."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, आणि कुणीतरी फोटोसाठी बोलावलं तशा गेल्या.

खाली रिक्षाची वाट बघत होतो तेव्हा मानखुर्दची बाई नवऱ्याचा हात धरून आली. तिनं आधी माझ्या नवऱ्याच्या पाया पडल्यासारखं केलं, मग मला म्हणाली, "ताई, तुमचे मिस्टर छत्री ऐकल्यावर तुमच्याकडे कसे वळले ते मी बघितलं. माझ्या व्हिडिओत आलंय. तुम्ही बोलला होतात ते खरं होतं."

"मग तो व्हिडिओ..."

"नाही ताई." तिनं फोन पदराखाली घेतला. "सासूला मी नाही सांगणार. तिला कळलं की खोटं आहे, तर उद्या याला गावच्या गाडीत घालतील. मला तो लेख खराच पाहिजे." मग म्हणाली, "मला माफ करा."

मी तिला म्हटलं, माफ कसलं करायचं, जा. तिच्याशी माझं शेवटचं बोलणं ते. त्यानंतर आम्ही सेंटरला गेलो नाही, कारण माझा नवरा यायला तयारच झाला नाही. रिक्षा दाराशी उभी करून मी हाका मारल्या, त्यानं कपडे बदलले नाहीत. थेरपिस्ट मुलीचा फोन आला होता. म्हणाली, मॅडम, आणा त्यांना, मध्ये खंड पडला तर आहे तेही जातं. तिचं बरोबर होतं. आहे तेही गेलं. आधी शनिवार-रविवार गळाले, मग सगळेच वार. हाक मारायची असली की आता तो काठी फरशीवर आपटतो.

कार्यक्रमाहून घरी आल्यावर त्याच संध्याकाळी मी त्याला सगळं सांगितलं होतं. बाकावर वाचलेला लेख, बोरिवलीचा फोन, तक्रार, लोकांनी लिहिलेलं, आणि मी का लपवलं तेही. एवढं सलग मी त्याच्याशी स्ट्रोकनंतर कधी बोलले नव्हते. विचारलं, "माझ्यावर विश्वास आहे ना रे?" त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि डावा हात वर केला. त्याचा अर्थ 'नाही' होता, की 'पुरे, आता बोलू नकोस' असा होता, ते मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. उत्तर 'नाही' असतं, तर मला ते समजून घ्यायचं नव्हतं.

ब्लॉग मी बंद केला. मुलगा म्हणाला, बंद केलास तर तुझा पुरावाही जाईल. म्हटलं, जाऊ दे, पुरावा बघायला कोण येतंय?

दुपारी जेवणं झाली की तो टीव्हीसमोर बसतो. बातम्या, क्रिकेट, जे काही लागलं असेल ते, पण आवाज बंद करून. पडद्यावर माणसं तोंडं हलवत राहतात. आवाज वाढवू का म्हणून मी सुरुवातीला विचारायची. तो रिमोट मांडीखाली सरकवायचा. आता मीही काही न बोलता भाजी निवडायला घेते आणि तिथंच बसून ती हलणारी तोंडं बघते.